पक्ष्यांच्या फोटोसाठी कॅमेरा कुठल्या मोडवर ठेवता?

मुळाकाठ | सोमवार, रात्री ९.५०

काल बाबांना घेऊन भिगवणला जाऊन आले. पहाटे साडेचारला पुणं सोडलं आणि सातच्या आत कुंभारगावात बोटीत बसलो होतो. उजनीचं पाणी शांत होतं आणि रोहित (फ्लेमिंगो) भरपूर. बाबा दुर्बिणीतून डोळा काढायला तयार नव्हते. मी साडेचारशे फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर टाकले तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातले उडणाऱ्या पक्ष्यांचे सगळे फोटो हललेले आहेत. पंखांच्या जागी नुसता धूर. शटर बघितलं तर १/१६०, १/२०० सेकंद. नंतर ऊन वर आलं, शटरही वाढलं, पण तिथे दुसरंच दुखणं. थवा आभाळासमोर होता ते पक्षी काळपट आलेत, आणि तोच थवा वळून काठावरच्या बाभळींसमोरून गेला तेव्हा पांढराफटक. पिसं दिसतच नाहीत, चुना फासल्यासारखे दिसतात. त्यातला बरा वाटला तो एक फोटो आज १२ बाय १८ छापून आणला, कारण बाबांना दिवाणखान्यात लावायचा होता. त्यांनी बराच वेळ बघितला आणि हळूच विचारलं, "याची पिसं कुठे गेली गं?"

सेटिंग असं होतं: १५०-६०० लेन्स, ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं भोक मी ठरवते, शटर कॅमेरा), एफ/६.३, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४००, मॅट्रिक्स मीटरिंग (मीटर पूर्ण फ्रेमचा उजेड मोजतो), कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबात आपण केलेली प्लस-मायनस) शून्य. बोटीत आणखी तिघे जण होते. एक म्हणाला शटर प्रायॉरिटी लाव, दुसरा म्हणाला मॅन्युअलशिवाय पर्याय नाही, तिसरा म्हणाला मॅन्युअल ठेवून आयएसओ ऑटो कर. तिघांचेही फोटो मला माझ्यापेक्षा चांगले दिसले, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. तुम्ही काय वापरता आणि का, ते सविस्तर सांगा. 'का' जास्त महत्त्वाचं आहे.

सह्यवारा | सोमवार, रात्री १०.२५

हललेल्या फोटोंचं कारण सरळ आहे. ॲपर्चर तुम्ही धरून ठेवलंत, आयएसओ ४०० वर खिळा ठोकला, मग उजेड कमी असताना कॅमेऱ्याच्या हातात शटर कमी करण्याशिवाय उरलंच काय? त्याने १/१६० दिलं. रोहितासारखा मोठा, संथ पंखांचा पक्षी उडताना १/१२५० ते १/१६०० तरी लागतं. पाकोळ्या, वेडे राघू असतील तर १/३२०० च्या पुढे. शिवाय तुम्ही बोटीत होतात. बोट डुलत असताना बसलेल्या पक्ष्यालाही मी १/१००० च्या खाली जात नाही.

मी गेली सहा-सात वर्षं मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ वापरतो. ॲपर्चर ६.३ किंवा ७.१, शटर १/२०००, आयएसओची कमाल मर्यादा ६४००. पक्षी बसला की अंगठ्याने शटर १/५०० वर आणायचं, उडाला की परत वर. उजेडाचं काय ते आयएसओ सांभाळतो. थोडी नॉइज (दाणे) आली तरी ती नंतर काढता येते. हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरने सरळ होत नाही.

पाणवठा | सोमवार, रात्री ११.०५

सह्यवारा, हललेल्या फोटोंपुरतं तुमचं बरोबर. पण ताईंच्या दुसऱ्या दुखण्याला तुमचं औषध लागू पडत नाही. मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ चालू केला की ते मॅन्युअल राहिलंच नाही. एक्सपोजर कॅमेराच ठरवतोय, फक्त शटरऐवजी आयएसओ हलवून. मीटरला फसवणारं जे आभाळ आणि ज्या बाभळी, ते तिथेच आहेत.

मुळाकाठताई, हे एकदा डोक्यात बसवा. थवा आभाळासमोर होता तेव्हा त्याच्या अंगावर सूर्य पडत होता. दहा सेकंदांनी तो बाभळींसमोर आला तेव्हाही तोच सूर्य, तेवढाच पडत होता. पक्ष्यावरचा उजेड बदलला नाही, बदलली ती मागची बाजू. तुमचा कॅमेरा मागची बाजू मोजत बसला होता. आभाळ उजळ, म्हणून त्याने उजेड कापला आणि पक्षी काळा झाला. बाभळी काळपट, म्हणून त्याने उजेड वाढवला आणि पांढरी पिसं उडाली. इथे प्लस-मायनस कॉम्पेन्सेशन देऊनही भागत नाही, कारण आभाळाला प्लस एक-दीड हवं आणि बाभळींना मायनस एक. थवा एकातून दुसऱ्यात जाताना तुमचा अंगठा तेवढा पळणार आहे का?

म्हणून उघड्यावर, स्वच्छ उन्हात, पूर्ण मॅन्युअल. आयएसओसुद्धा हाताने. नऊ-साडेनऊच्या खणखणीत उन्हात पाठीशी सूर्य असेल तर एफ/६.३, आयएसओ ४००, १/२५०० हे मध्यम रंगाच्या पक्ष्याला बसतं. बगळा, रोहित असे पांढरे असतील तर १/४०००. साडेसात-आठच्या कोवळ्या उन्हात याच्या निम्मं, म्हणजे पांढऱ्याला १/२००० च्या आसपास. एक फोटो काढा, पडद्यावर पांढरं लुकलुकतंय का, म्हणजे उडालंय का, बघा, एखादा क्लिक इकडे-तिकडे करा. मग पक्षी आभाळासमोर जाऊ दे, पाण्यावर उतरू दे नाहीतर बाभळीत शिरू दे, अर्धा तास तुम्हाला चाकाला हात लावायचं कारण नाही.

चिमणचारा | मंगळवार, सकाळी ७.१०

वाचतेय. धागा वाचनखुणेत टाकला. "पक्ष्यावरचा उजेड" हे वाक्य आज दिवसभर डोक्यात राहणार.

सह्यवारा | मंगळवार, सकाळी ९.३०

पाणवठा, उघड्या पाण्यावर मान्य. पण तुम्ही सगळं भिगवण धरून बोलताय. ताम्हिणीत किंवा सिंहगड व्हॅलीत या. झाडाच्या शेंड्यावर ऊन, दोन फूट खाली सावली, त्याच्या खाली ओढ्यात अंधार. स्वर्गीय नर्तक तीन सेकंदांत या तिन्ही ठिकाणी बसून जातो. पक्ष्यावरचा उजेडच दर क्षणाला तीन-चार स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) बदलत असेल तर तुमचं मॅन्युअल काय करणार? पावसाळ्याच्या तोंडाला ढग येत-जात असतात तेव्हाही तेच. एक ढग आडवा आला की दोन स्टॉप गेले.

पाणवठा | मंगळवार, सकाळी ९.४८

तिथे तुमचं खरं. जंगलात मीही ऑटो आयएसओ लावतो. भिगवणला लावत नाही, एवढाच माझा मुद्दा.

जुना_रोल | मंगळवार, दुपारी ३.२०

हा वाद वाचून फार बरं वाटलं, कारण माझ्याकडे असा वाद घालायची सोयच नव्हती. माझा पहिला कॅमेरा निकॉन एफएम२. १९८२ साली आलेलं मॉडेल. शटर पूर्ण यांत्रिक, १/४००० पर्यंत, बॅटरी फक्त मीटरपुरती. सगळंच मॅन्युअल. आणि आत स्लाइड फिल्म, ३६ फोटो. स्लाइडवर अर्धा स्टॉप चुकला तरी डोळ्यांना कळायचं, आणि कळायचं ते आठ-दहा दिवसांनी, रोल धुऊन आल्यावर. तोवर बगळा कुठल्या कुठे.

तेव्हा फिल्मच्या खोक्यात एक चिठ्ठी यायची. त्यावर सूर्य, ढग, सावली अशी चित्रं आणि खाली आकडे. सगळ्याचं मूळ एकच: भर उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं. १०० ची फिल्म असेल तर १/१००, जवळात जवळ म्हणजे १/१२५. पाणवठा यांनी दिलेले आकडे मांडून बघा. आयएसओ ४००, एफ/१६, १/४००. तिथून एफ/८ ला आलात की दोन स्टॉप उजेड वाढला, म्हणून शटर १/१६००. ६.३ ला आलात की आणखी दोन तृतीयांश, म्हणजे १/२५००. पांढऱ्या पक्ष्याला त्यातून थोडं कापायचं. ती चिठ्ठी मी पाकिटात घालून हिंडायचो, घडीवर फाटली तेव्हा पाठीमागे चिकटपट्टी लावली. अजून आहे.

दुसरी युक्ती तळहाताची. पक्ष्यावर जसं ऊन पडतंय तसंच आपल्या तळहातावर पडू द्यायचं, लेन्स जवळ नेऊन फ्रेम तळहाताने भरायची आणि मीटर बघायचा. फोकस झाला नाही तरी चालतो. मीटर ज्याला बरोबर धरतो त्या मध्यम करड्यापेक्षा तळहात साधारण एक स्टॉप उजळ असतो, तेवढा एक स्टॉप उजेड वाढवून घ्यायचा. प्रत्येकाचा तळहात थोडा वेगळा, म्हणून आपला एकदा घरी तपासून ठेवावा. तेही नको असेल तर उन्हातलं हिरवं गवत मोजा, ते जवळजवळ मध्यमच असतं.

मुळाकाठ | मंगळवार, रात्री १०.००

काका, तळहाताचं लगेच गच्चीवर जाऊन करून बघायचं होतं, पण रात्र झाली. उद्या सकाळी.

तुम्हा सगळ्यांचं वाचून जुने फोटो परत उघडले. पाणवठा म्हणतात तसंच आहे. एकाच थव्याचे लागोपाठ अकरा फोटो आहेत. आभाळासमोर शटर १/४०००, वळताना १/२५००, बाभळींसमोर १/८००. दोन-सव्वादोन स्टॉपचा फरक, आणि ऊन तर जागचं हललं नव्हतं. स्वतःच्या फोटोत हे बघितल्यावर जे कळलं ते चार व्हिडिओ बघूनही कळलं नव्हतं.

एक शंका: मग स्पॉट मीटरिंग का नको? फक्त पक्षीच मोजला की काम झालं ना?

गवताळ | बुधवार, सकाळी ८.१५

स्पॉट ऐकायला सोपं वाटतं. बसलेल्या पक्ष्यावर ठीक. उडणाऱ्यावर तो ठिपका एकदा छातीवर, एकदा पंखाच्या काळ्या टोकावर, एकदा थेट आभाळात जातो, आणि प्रत्येक फोटोचं एक्सपोजर वेगळं येतं. रोहिताचं तर विचारूच नका, छाती पांढरी, पंख लाल आणि उडतानाची पिसं काळी. दुसरं असं की मीटरला पांढरं म्हणजे काय ते माहीत नसतं. त्याला जे दाखवाल ते तो मध्यम करडं करून देतो. पांढऱ्यावर स्पॉट ठेवलात तर प्लस दीड ते दोन द्यावं लागतं, नाहीतर बगळा राखाडी. कोतवालावर ठेवलात तर मायनस, नाहीतर कोतवालच राखाडी.

जुना_रोल | बुधवार, सकाळी १०.४०

थोडा असहमत. स्पॉट एकदाच वापरायचा. पांढऱ्या पिसांवर ठेवून प्लस दीडला मोजायचं, आकडे मॅन्युअलवर बसवायचे आणि मग मीटरकडे बघायचंच नाही. मीटर हा विचारण्यापुरता, हुकूम त्याच्या हाती द्यायचा नाही.

गवताळ | बुधवार, सकाळी १०.५५

अशा वापराला पूर्ण अनुमोदन.

नवखा_२२ | बुधवार, दुपारी १.३०

माझ्याकडे ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा) आहे, झूम टोकाला नेला की एफ/६.५ होतं. मोठी लेन्स परवडत नाही. या चर्चेतलं मला काही उपयोगी आहे का? आमच्या नदीवर कवड्या खंड्या रोज दिसतो, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो तो.

रानकवडी | बुधवार, दुपारी २.०५

नवखा, नक्की आहे. ब्रिज कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे आयएसओ वाढवला की लवकर दाणे येतात. म्हणून पहाटेचा नाद सोडा आणि साडेआठ-नऊचं ऊन गाठा. शटर प्रायॉरिटी लावा, १/१०००. ॲपर्चर कॅमेरा आपोआप पूर्ण उघडतो, टोकाच्या झूमला तेच हवं असतं. ॲपर्चरचा आकडा लुकलुकायला लागला तर समजा की उजेड पुरत नाहीये, फोटो काळा येणार. मग शटर उतरवा नाहीतर आयएसओ चढवा.

कवड्या खंड्या एका जागी थांबतो हे तुमचं नशीबच. तेवढ्या वेळात दोन-तीन वेगवेगळी कॉम्पेन्सेशन देऊन बघता येतात. काळा-पांढरा पक्षी आहे, पांढरं सांभाळा. काळं थोडं बुडालं तरी चालेल.

नवखा_२२ | बुधवार, दुपारी २.२०

खूप आभार! उद्याच जातो.

रानकवडी | बुधवार, रात्री ९.१५

मुळाकाठ, तुझ्या प्रश्नाकडे मी वेगळ्या बाजूने येते. मी चिपळूणची. आमच्याकडे उजेड म्हणजे उसना माल. जूनमध्ये तिबोटी खंड्या येतो तेव्हा पाऊस, ढग आणि वर झाडांचं छत. एफ/५.६ ला, आयएसओ ३२०० ला मला १/१०० मिळालं तरी मी देवाला हात जोडते. तिथे मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ हाच माझा मोड, पण त्यातला एक खड्डा सांगते, मी त्यात पडले आहे.

जंगलातल्या अंधारासाठी ॲपर्चर ५.६ आणि शटर १/२५० करून ठेवलं होतं. परतताना भाताच्या खाचरात भर उन्हात गायबगळा दिसला. कॅमेरा तसाच उचलला आणि वीस फोटो मारले. सगळे पांढरे. आयएसओ १०० पर्यंत उतरला, त्याखाली जायला जागा नाही, आणि शटर-ॲपर्चर तर मीच बांधून ठेवलेलं. कॅमेऱ्याने करावं तरी काय? ॲपर्चर प्रायॉरिटी, ऑटो आयएसओ आणि किमान शटर असं लावलं असतं, तर आयएसओ तळाला गेल्यावर कॅमेऱ्याने शटर वर नेलं असतं आणि फोटो वाचले असते. मात्र उलट टोकाला, आयएसओ मर्यादेला भिडला की हाच मोड मुकाट्याने शटर खाली आणतो. कुठल्या टोकाला काय होतं ते आपल्याला पाठ पाहिजे.

आणखी एक. तुमच्यापैकी कुणाकडे जुनी बॉडी असेल तर हे घरीच तपासा: मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ असताना एक्सपोजर कॉम्पेन्सेशन चालतं का? काही जुन्या बॉडीत चालत नाही. मग कॅमेरा म्हणेल ती पूर्व दिशा.

आणि तिबोटीचा विषय निघालाच आहे तर सांगते. उजेड कमी म्हणून कुणी घरट्यावर फ्लॅश मारू नका. मातीच्या कडेत बीळ असतं, पिल्लं आत असतात, आणि आई चोचीत पाली-बेडकं घेऊन समोरच्या फांदीवर थांबलेली असते. समोर चार जण ट्रायपॉड लावून बसले की ती आत जात नाही. आत पिल्लं उपाशी. त्या दिवशी कॅमेरा बॅगेत घालायचा, हाच मोड.

पाणवठा | बुधवार, रात्री ९.३०

शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. भिगवणलाही थवा उडवण्यासाठी बोट अंगावर घालायला लावणारे असतात. नावाड्याला आधीच सांगून ठेवावं की आम्हाला घाई नाही, लांबच थांबा. रोहित खात असतात, त्यांना खाऊ द्यावं.

ठाणे_खाडी | गुरुवार, सकाळी ११.००

रोहितांबद्दल एक मुद्दा अजून कुणी मांडलेला दिसला नाही. आम्ही ऐरोलीहून बोटीने जातो, तिकडे छोटे रोहित जास्त. पंख उघडले की तो जो लालभडक पट्टा दिसतो, ज्यावरून अग्निपंख नाव पडलं, तो उन्हात फार फसवतो. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, पांढरा आलेख ठीक दिसतो, पण लाल रंगाचा आलेख वेगळा उघडून बघा, तो उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. घरी येऊन बघावं तर पंख म्हणजे लाल रंगाचा सपाट डाग, एकही पीस सुटं नाही. म्हणून हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा लावून ठेवा आणि रोहित पंख उघडणार असतील तर आणखी एक तृतीयांश स्टॉप कापा. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती तशीच ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढा. बुडालेला काळा भाग रॉमधून बराचसा वर काढता येतो. उडालेलं पांढरं किंवा लाल परत आणता येत नाही, तिथे माहितीच नसते.

आमच्या चिखलाचा एक फायदा मात्र आहे. ओला चिखल आणि पाणी खालून उजेड फेकतं, त्यामुळे पक्ष्याचं पोट काळं पडत नाही.

बर्फातला_मराठी | गुरुवार, रात्री ११.४०

न्यू जर्सीहून. खालून येणाऱ्या उजेडाबद्दल ठाणे_खाडी यांनी लिहिलंय ते इथे बर्फात दसपट जाणवतं. फोर्साइथ अभयारण्यात हिवाळ्यात हिमहंसांचे मोठे थवे येतात. पांढरा पक्षी, पांढरी जमीन, वर पांढुरकं आभाळ. कॅमेऱ्यावर सोडलं तर सगळं जग राखाडी. प्लस दीड ते दोन दिलं की बर्फ बर्फासारखा दिसतो. तोच हंस काळ्याभोर पाण्यावर उतरला की मायनस द्यायचं. पक्षी पांढरा म्हणून नेहमी प्लस, असं पाठ केलं होतं त्याने माझा पहिला हिवाळा वाया गेला. फ्रेममध्ये काय जास्त आहे ते बघून ठरवायचं.

भिगवणचं नाव वाचून जीव तिकडे गेला. दहा वर्षं झाली. वारकरी दिसले का हो?

मुळाकाठ | शुक्रवार, सकाळी ७.३०

दिसले, शेकड्याने! बाबांनीच दाखवले.

चिमणचारा | शुक्रवार, सकाळी ८.००

अवांतर: वारकरी बदक का म्हणतात त्याला? शाळेपासून ऐकतेय.

जुना_रोल | शुक्रवार, सकाळी ८.५०

काळंभोर अंग, कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा, आणि दिंडीसारखे घोळक्याने पाण्यावरून चाललेले. आमच्या गावचे कोळी असंच सांगायचे. खरं म्हणजे ते बदक नव्हे, पाणकोंबडीच्या घराण्यातलं. आपल्याकडची नावं किती नेमकी असतात बघा. हळदीकुंकू बदकाच्या काळ्या चोचीवर टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. ज्याने नाव ठेवलं त्याने जवळून आणि प्रेमाने बघितलं होतं.

पाणवठा | शुक्रवार, सकाळी ९.१०

आणि एक्सपोजर शिकायला वारकऱ्यासारखा गुरू नाही. अंग काळं, टिळा पांढरा. अंगाची पिसं दाखवायला गेलात तर टिळा जळतो, टिळा सांभाळलात तर अंग कोळसा. उन्हात दोन्ही टिकवायला जमलं त्याला बाकी सगळे पक्षी सोपे. मी नवीन माणसाला आधी वारकऱ्यासमोरच बसवतो.

चिमणचारा | शुक्रवार, सकाळी ९.१५

म्हणजे आधी वारी, मग दर्शन. :)

गवताळ | शनिवार, दुपारी १२.१०

मूळ प्रश्नाकडे येतो. मी आता मिररलेस वापरतो, त्यात फोटो काढायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये एक्सपोजर दिसतं, आणि पांढरं उडणार असेल तिथे झेब्रा पट्टे येतात. त्यामुळे अंदाज बांधायचं काम खूप कमी झालं. तरी मोड निवडायचाच असतो. मी डायलवर सी-१ आणि सी-२ असे सेटिंगचे दोन संच साठवून ठेवलेत. सी-१ उडणाऱ्यांसाठी: पूर्ण मॅन्युअल, १/२५००, एफ/६.३, आयएसओ हाताने. सी-२ बसलेल्यांसाठी: १/५००, ऑटो आयएसओ. सासवडच्या माळावर भोवत्या गवतालगत घिरट्या घालत येतो, मागे कधी पिवळं गवत, कधी निळा डोंगर, कधी आभाळ. सी-१ वर असलो की मी फक्त पक्षी फ्रेममध्ये ठेवायचं बघतो. संध्याकाळी मात्र दर दहा मिनिटांनी एक फोटो काढून तपासतो, ऊन उतरत असतं आणि मॅन्युअल तुमची वाट बघत नाही.

लेन्सबद्दल एक बारीक गोष्ट. १५०-६०० मध्ये मॅन्युअलवर एफ/५ ठेवून झूम वाढवलात तर ॲपर्चर आपोआप ६.३ होतं आणि फोटो दोन तृतीयांश स्टॉप काळा होतो. पहिल्यापासूनच ६.३ ठेवा.

सह्यवारा | शनिवार, दुपारी १२.४०

हे सी-१, सी-२ चं आजच करतो. आणि पाणवठा, तुमचं ऐकून सकाळी पाषाण तलावावर पूर्ण मॅन्युअल वापरून पाहिलं. बगळे पहिल्यांदाच असे सारखे आले, चाळीसच्या चाळीस. जांभळी पाणकोंबडी वेताच्या सावलीत शिरली तेव्हा मात्र काळी झाली, तिथे माझं जुनंच बरं.

नवखा_२२ | रविवार, संध्याकाळी ६.५०

कवड्या खंड्या आला! १/१०००, शटर प्रायॉरिटी, मायनस दोन तृतीयांश. छातीवरचे काळे पट्टे दोन आहेत, म्हणजे नर ना? आधीच्या फोटोंत पट्टे मोजताच येत नव्हते.

रानकवडी | रविवार, संध्याकाळी ७.०५

दोन म्हणजे नर. मादीला एकच, मधे तुटलेला. शाब्बास!

मुळाकाठ | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.२०

मधे गप्प होते, कारण सांगण्यासारखं काही हातात यायचं होतं.

गेल्या रविवारी एकटीच कवडी पाटला गेले. लोणी काळभोरच्या अलीकडे, नदीला फेस असतो, वास असतो, तरी पक्षी येतात. तिथे शेकाट्यांवर आणि चक्रवाकांवर सराव केला. तळहात मोजला, एक स्टॉप वाढवला, आकडे बसवले आणि मग दोन तास मीटरच्या काट्याकडे न बघता बसले. सुरुवातीला हात सारखा चाकाकडे जायचा. फ्रेममध्ये आभाळ आलं की काटा उजवीकडे पळतो आणि आपल्याला वाटतं, चुकतंय. चुकत नसतं.

आज परत भिगवण. बाबा बरोबर होतेच. पहिला अर्धा तास सह्यवारांच्या पद्धतीने: १/१२५०, एफ/६.३, ऑटो आयएसओ. आयएसओ ५००० पर्यंत गेला, दाणे आहेत, पण पंखाचं एकेक टोक सुटं दिसतंय. आठला ऊन चांगलं अंगावर आलं तेव्हा आयएसओ ४०० वर बांधला, शटर १/२०००. लाल आलेख भिंतीला टेकत होता म्हणून एक क्लिक वर, १/२५००. साडेनऊपर्यंत आणखी दोन क्लिक. नावाड्याला आधीच सांगितलं होतं, लांबच थांबलो. थवा आपणहून उठला, आभाळासमोरून गेला, वळला आणि त्याच बाभळींसमोरून परत आला. चौदा फोटो लागोपाठ. सगळ्यांत पक्षी सारखा, फक्त मागचं बदलत गेलंय. एक फोटो वारकऱ्याचाही आहे, टिळा शाबूत आहे, अंग अजून कोळसाच. त्याच्यासमोर पुन्हा बसावं लागणार.

घरी आल्यावर त्यातला एक रोहित पूर्ण स्क्रीनवर मोठा करून बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक टेकेल इतके जवळ गेले आणि म्हणाले, "मानेला चिखल लागलाय बघ याच्या, सुकलेला."

उद्या छापायला देते.